दयाळाचं गाणं जाळीपर्यंत पोचलं

बारा महिने कोसळणाऱ्या एका धबधब्याच्या काठी आमचं जंगल होतं, आणि त्यात एक दयाळ पक्षी राहत असे. मूठभर अंग, थोडं काळं, थोडं पांढरं. पण मुलांनो, आमच्या जंगलाचं नाव चार जंगलांत झालं ते त्याच्या गळ्यामुळे. आधी त्याला कुणी विचारत नव्हतं, ते वेगळं. पळस फुलला की दर वर्षी धबधब्यासमोरच्या खडकावर संगीत नाटक होई. राजाचं काम मोराचं, कारण पिसारा त्याचा आणि आवाजही मोठा. दयाळ मागच्या रांगेत, साथीला.

रोज सकाळी तो करवंदीच्या जाळीतल्या म्हाताऱ्या सशाला एखादं छोटं गीत गाऊन दाखवी. सशाचे पाय गेले होते, कान मात्र शाबूत होते. "तिसऱ्या ओळीतला शब्द गिळलास. पुन्हा म्हण," तो सांगे. मोराला हसू येई. "एका सशापुढे गाऊन कुणी गवई होतं का रे?"

दयाळाला ते लागे. पण त्याहून जास्त लागे ते हे, की सशाला खडकापर्यंत येता येत नव्हतं आणि नाटकातलं गाणं त्या जाळीपर्यंत कधीच पोचत नव्हतं. "आजोबा, राजाचं काम मला मिळालं, तर तुम्हाला इथे बसून ऐकू येईल असं गाईन," तो म्हणाला.

"मग धबधब्याशी भांडू नकोस," ससा म्हणाला. "त्याचा आवाज खाली घुमतो. तू त्याच्या वरून जा, आणि शब्द सांडू नकोस."

त्या वर्षी मोर धबधब्याशी भांडलाच. पहिल्या अंकभर ओरडला आणि दुसऱ्या अंकात त्याचा घसा बसला. नाटकाचा कारभारी हत्ती हवालदिल झाला. "राजाची पदं आणखी कुणाला येतात?"

"मला येतात," मागच्या रांगेतून दयाळ म्हणाला. काही जण हसले. तो पुढे आला, सावकाश श्वास घेतला आणि समोर ससा बसलाय असं समजून गायला. जरासुद्धा ओरडला नाही. पलीकडच्या काठावरची माकडंसुद्धा खाजवायची थांबली. राजाचं काम तेव्हापासून दयाळाचं झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो जाळीशी गेला. "आजोबा, पोचलं?"

सशाने डोळे पुसले. "पोचलं. आता कुणी विचारलं की हा गवई कुणाचा, तर सांगेन, माझ्या जाळीतला." मग म्हणाला, "शेवटच्या पदात एक शब्द गिळलास मात्र. पुन्हा म्हण."

आणि आमच्या जंगलाच्या त्या मोठ्या गवयाने ते पद पुन्हा म्हटलं.

तात्पर्य : एका जाणत्या कानापुढे जो रोज खरा उतरतो, त्याला भरल्या सभेत ओरडावं लागत नाही.