कोंडाआई आणि चमकणाऱ्या भिंती

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कोणालाच आठवत नाही. पण तिथे जे घडलं ते विसरण्याजोगं नाही, म्हणून सांगतो.

त्या राज्याच्या राजधानीत घरोघरच्या भिंती चमकत. डोंगरात अभ्रकाच्या खाणी होत्या. त्या चकचकीत दगडाचा चुरा चुन्यात कालवून लोक भिंती रंगवत. खाणींची बिळं मात्र इतकी अरुंद, की मोठं माणूस आत शिरूच शकत नसे.

म्हणून खाणींचा मालक रानापलीकडच्या गावांत जाई आणि सांगे, "पोरांना माझ्याबरोबर पाठवा. पोटभर जेवतील, चार अक्षरं शिकतील." आईबाप विश्वास ठेवत. गेलेलं पोर परत येत नसे.

अशाच एका गावात कोंडाआई नावाची म्हातारी सुईण होती. गावातलं प्रत्येक मूल तिच्या हातावर जन्मलेलं. त्या गावातून नऊ मुलं गेली. दोन वर्षं एकाचाही निरोप आला नाही. तेव्हा तिने काठी उचलली आणि चालत डोंगर गाठला.

खाणीच्या तोंडातून एक मुलगी दगडांनी भरलेली पाटी ओढत बाहेर आली. कोपरं सोललेली, केस धुळीने पांढरे. तिच्या पायाला दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक मुकादमाच्या हातात.

कोंडाआईने तिला ओळखलं. "धुरपे, तुझा भाऊ कुठं गं?"

"दरड कोसळली तेव्हा आत होता," धुरपी म्हणाली. "त्यांनी काढला नाही. शेजारी दुसरं बीळ खणलं."

कोंडाआई रडली नाही. ती तडक दरबारात गेली.

राजाने सगळं ऐकून घेतलं. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण म्हातारे, तिथे पोरांना अन्न मिळतं. खाणी बंद केल्या तर ती खाणार काय?"

"बांधून घातलेल्या भाकरीला पोसणं म्हणत नाहीत, महाराज."

"राजधानीची शोभा त्या दगडावर आहे," प्रधान म्हणाला, आणि शिपायांनी तिला बाहेर काढलं.

संतापलेल्या कोंडाआईने शहरातल्या एकेका सुईणीचं दार ठोठावलं. "आपण ज्यांची नाळ कापतो, त्यांना हे दोरीनं बांधतात," तिने सांगितलं. "आपण गप्प बसायचं?"

दुसऱ्या दिवसापासून एकही सुईण चमकत्या भिंतींच्या घरात शिरेना. "बाळंतिणीला अंगणात आणा, आम्ही तिला जिवापाड सांभाळू," त्या म्हणत. "पण ही भिंत खरवडल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही."

लोक चिडले. एक कासार तर कोंडाआईच्या अंगावरच धावून आला. "आम्ही कोणाला बांधलंय? आम्ही फक्त भिंत रंगवली."

"पोरांनी खणलं, मालकानं विकलं, तू घेतलंस," कोंडाआई म्हणाली. "तुझ्यासारखे घेणारे नसते, तर त्यानं पोरं पळवली असती का?"

कासाराच्या बायकोचे दिवस भरत आले होते. ती उठली, खुरपं घेतलं आणि भिंत खरवडू लागली. शेजारणीने ते पाहिलं आणि तीही कामाला लागली. पंधरा दिवसांत शहर खरवडून निघालं. अभ्रकाच्या भरल्या गाड्या बाजारातून तशाच परत गेल्या.

आता एकटा राजवाडा चमकत होता, आणि येणारा जाणारा त्याच्याकडे पाहून थुंकत होता. तेव्हा कुठे राजाला दया सुचली. त्याने दोऱ्या कापायला लावल्या, बिळं बुजवली, मालकाला तुरुंगात टाकलं. मग त्याने शाल देऊन गौरव करायला कोंडाआईला बोलावलं.

तिने शाल घेतली नाही. "माझी नऊ पोरं आली होती, पाच परत चाललीत," ती म्हणाली. "उरलेली चार तुमच्या डोंगरात आहेत. मी पहिल्यांदा आले तेव्हाही तुम्हाला सगळं कळलं होतं, महाराज."

राजाने मान खाली घातली. कोंडाआई धुरपीचा हात धरून, चार मुलांना पुढे घालून, मागे वळून न पाहता गावाकडे निघाली.

तात्पर्य: लेकरांना गुलाम करणारा जितका पापी, तितकाच त्यांच्या कष्टाने आपलं घर सजवून गप्प बसणाराही.