बाबांचं मौन

“मग बाबा, कापू की नको?”

वल्लभने तिसऱ्यांदा विचारलं.

बाबा काहीच बोलले नाहीत. पडवीत भिंतीला टेकून बसले होते. गळ्याभोवती लोकरी मफलर, अंगावर घोंगडी.

समोर ठकू बसली होती. वरच्या पठारावरच्या धनगरवाड्यातली. मानेच्या उजव्या बाजूला, जबड्याखाली, लिंबाएवढी गाठ. ताप उतरत नव्हता. थुंकी गिळतानाही तिचे डोळे मिटत.

वल्लभ डॉक्टर होता. शहरातलं चाललेलं काम सोडून तो बाबांचा शिष्य झाला होता, आणि मठाचा दवाखाना सांभाळत होता. आपण काय सोडून आलो हे तो बोलून दाखवत नसे. पण विसरतही नसे.

“घशावर पांढरट थर आहे,” तो बाबांना सांगू लागला. “घशाला नेहमी देतो त्या गोळ्या देऊन पाहिल्या. इंजेक्शनंही झाली. काडीचा फरक नाही. गाठ उलट वाढतेय. ही गंडमाळच, मानेतल्या गाठींचा क्षय. उद्या तुकडा काढून तपासायला पाठवतो आणि क्षयाचं औषध चालू करतो. तुम्ही फक्त हो म्हणा.”

गंडमाळ हा शब्द ऐकताच ठकूने पदर गाठीवर ओढला.

“डाक्टर, त्ये नाव नका घेऊ. सासूच्या कानावर गेलं तर माझं ताट-वाटी येगळं करंल. पोरगं अंगावर पितंय माझं... त्ये बी काढून घेतील.”

“मी नाव घेतलं नाही म्हणून आजार जाणार आहे का?”

ठकूने पदर आणखी घट्ट धरला.

बाबा मात्र गप्पच...

चार-पाच दिवस हे असंच चाललं होतं. बाबांनी एकाएकी बोलणं बंद केलं. जेवणही टाकलं. मठात कुजबुज झाली, बाबांनी मौन घेतलं, उपास धरला. मग काय, एकेकाने मौन धरलं. भाजीत मीठ नाही हे सांगायलाही पंगतीत हातवारे होऊ लागले. वल्लभनेही एक दिवस तोंड मिटून पाहिलं. दुपारपर्यंत टिकला.

“बाबा,” तो हात जोडून म्हणाला, “तुमच्या मौनाचा भंग होऊ नये. नुसती खूण करा.”

बाबांनी हात वर केला. बोट स्वतःच्या गळ्याला लावलं.

वल्लभचे डोळे भरून आले.

“समजलं, बाबा. वाणी आवरायची. मी फार बोलतो.”

त्याने वाकून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

बाबांनी त्याचा कान धरला आणि डोकं वर उचललं.

“अरे गाढवा...” फाटक्या भात्यातून यावा तसा आवाज आला. “घसा दुखतोय माझा.”

ठकूला हसू फुटलं. हसताना घसा दुखला, म्हणून तिने गळा धरला, आणि तरी हसत राहिली.

“पहिल्या दिवशीही दाखवला होता,” बाबा म्हणाले. “तेव्हाही... नमस्कार केलास.”

त्यांनी मफलर सोडला. जबड्याखाली गाठ होती. लिंबाएवढी.

वल्लभ ताडकन उठला. बॅटरी आणि चमचा घेऊन आला. बाबांनी आ केला. एका बाजूचा टॉन्सिल सुजलेला, त्यावर तोच पांढरट थर. कपाळाला हात लावला, तर चटका बसला.

त्याने ठकूकडे पाहिलं. मग बाबांकडे. पुन्हा ठकूकडे.

बाबा मठात राहणारे. ठकू पठारावर. दोघांना एकाच वेळी, एकाच जागी, एकसारखं?

“बाबा... तुम्ही पठारावर गेला होतात?”

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

“तिथं काय खाल्लंत? काय प्यायलात?”

“टाक्यातलं पानी,” ठकूच म्हणाली. “मीच तांब्या दिला. खडकातलं टाकं हाय आमचं, गार पानी. त्यात ससा मरून पडला व्हता, फुगलेला. मीच हातानं काढून फेकला. मग दोन दिस पानी निवळू दिलं की! आमी काय घाण पानी पाजू व्हय बाबास्नी?”

वल्लभला एकदम आठवलं.

कॉलेजात असताना पुस्तकाच्या एका कोपऱ्यात एक आजार होता. ट्युलरेमिया. सशांचा, उंदरांचा ताप. मेलेलं जनावर पडलेलं पाणी पोटात गेलं तर घसा धरतो, मानेत गाठ येते. घशाच्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. दिसायला गंडमाळेसारखा. आपल्याकडे कुठला दिसायला, म्हणून त्याने ते पान उलटलं होतं.

तरी खात्री नव्हती. आयुष्यात बहुधा प्रथमच त्याने आपल्या जुन्या सरांना फोन लावून म्हटलं, “सर, मला कळत नाहीये.”

त्यानंतर सगळं भराभर झालं. दोघांचं रक्त शहरात गेलं. कशाचा संशय आहे ते नळीवर मोठ्या अक्षरांत लिहून, म्हणजे तिथल्या कुणी ती बेसावधपणे उघडू नये. सरांच्या सल्ल्याने उत्तराची वाट न पाहता जेंटामायसिनची इंजेक्शनं सुरू झाली. वाडीवर निरोप गेला, टाक्यातलं पाणी बंद, उकळलेलंच प्या. सुरी मात्र पेटीतच राहिली.

“आनि माझं ताट?” ठकूने दबकत विचारलं.

“हा आजार असेल, तर माणसाचा माणसाला लागत नाही. तुझ्या सासूला मी स्वतः सांगतो.”

“तिच्या म्होरं माझ्या हातचं पानी प्याल तवा तिला पटंल.”

“उकळून दे. पिईन.”

शहरातून उत्तर आलं. आजार तोच होता.

ठकूचा ताप उतरला. तिच्या गाठीत पू धरला होता, तो सुईने काढावा लागला. पण ती भाकरी गिळू लागली, पोराला मांडीवर घेऊन येऊ लागली. बाबांचा आवाज फुटला आणि मठातल्या सगळ्यांचं मौन एका दिवसात सुटलं.

मग एके सकाळी वल्लभ पडवीत आला. बाबा उन्हाला बसले होते. मफलर नव्हता.

“बाबा, तुम्ही खूण करत होतात, आणि मी त्यात अर्थ शोधत बसलो. माझ्यामुळे तुम्हाला आणि ठकूला फुकट सोसावं लागलं. मी डॉक्टरही धड नाही आणि शिष्यही...”

तो वाकला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवू लागला.

बाबांनी त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

“पाय बरे आहेत माझे,” ते म्हणाले. “घसा बघ.”