मठातले अकरा महिने

"आज मला उत्तर पाहिजेच, बाबा. भाडी अशी गगनाला भिडलीत, यात दोष कोणाचा? सरकारचा की पैसेवाल्यांचा?"

सबनीस सर ओसरीच्या मधोमध उभे होते आणि त्यांचा आवाज चढला होता. मठात आवाज चढवू नये, हे नव्या माणसाला सांगायचं काम एरवी त्यांचंच. पण आज त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

दौलतगीर बाबांनी मान वर केली नाही. ते बाज ताणत बसले होते. पायथ्याची दोरी सैल पडली होती, ती एकेक पदर ओढून घट्ट करत होते. बाज सबनीस सरांचीच होती.

"पैसेवाल्यांचा!" जनार्दन पोटे भाजी निवडता निवडता म्हणाला. "यात विचारायचं काय?"

पोटे एकेकाळी साखर कारखान्यात युनियनचा पुढारी होता. चार वर्षांपूर्वी मठात आला आणि चुलीपाशी रमला, पण जीभ काही मवाळ झाली नाही.

"तू मध्ये पडू नकोस, पोटे. तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलंय मी."

"म्हणून तर ही वेळ आलीय."

सर तडकले. "अरे, कायदा भाडेकरूच्या बाजूनं एवढा झुकला की मालक घर द्यायलाच घाबरतो. घरं कुलपात पडतात. घरं कमी आणि मागणारे जास्त. मग भाडं चढेल नाही तर काय होईल?"

"आणि बिल्डर चार-चार फ्लॅट अडवून बसतो, तो कायद्याला घाबरून काय? भाव चढायची वाट बघतो तो. घर म्हणजे काय कांदा आहे, चाळीत भरून ठेवायला?"

"बाबा, सांगा याला!"

बाबांनी दोरीला हिसका दिला. बाज करकरली.

"बाहेर कोण बसलंय?" त्यांनी विचारलं.

सरांनी फाटकाकडे पाहिलं.

फाटकाबाहेर, लिंबाच्या सावलीत एक बाई बसली होती. रंजना वाघचौरे. सरकारी दवाखान्यात आयाचं काम करायची. नवरा नव्हता, एक मुलगी होती. सबनीस सरांचा शहरातला फ्लॅट तिच्याकडे भाड्यानं होता. ती सकाळपासून आली होती, आणि सरांनीच तिला बाहेर थांबायला सांगितलं होतं. व्यवहाराची माणसं मठात नकोत म्हणाले.

"आत ये गं बाई," बाबांनी हाक मारली.

ती आली. पदर सावरून ओसरीच्या कडेला टेकली. पुरती बसलीसुद्धा नाही.

"काय काम काढलंस?"

"बाबा, आज माझा करार संपतोय. सर म्हणतात, घर खाली कर. सोमवारपासून पोरीची दहावीची परीक्षा आहे. पेपर होईपर्यंत राहू द्या म्हणते, बास. वीस-बावीस दिवस. त्या पोरीला आत्ता कुठं घेऊन फिरू मी?" "दोन महिने झाले, रोज घर बघतेय. आमच्या पगारात कुणी दारात उभं करत नाही."

बाबांनी सरांकडे पाहिलं. "बाई कशी आहे? भाडेकरू म्हणून?"

सर खोटं बोलणारे नव्हते. "चांगली आहे. एकाही महिन्याचं भाडं चुकलं नाही. घर आरशासारखं ठेवलंय."

"मग?"

"मग काही नाही. अकरा महिने म्हणजे अकरा महिने. माझा नियम आहे."

"आणि चौदा हजारांचं गिऱ्हाईक आलंय, ते नाही सांगितलं!" पोटे फिस्कारला. "ही बिचारी नऊ देते."

"हो, आलंय!" सर त्याच्या अंगावर ओरडलेच. "आलंय. पण ते नसतं आलं तरी मी हेच केलं असतं. बाबा, माझ्या वडिलांनी एक बिऱ्हाड ठेवलं होतं. देवमाणूस वाटला होता तो. बावीस रुपये भाडं. एकतीस वर्षं हलला नाही. वडील कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून थकले. शेवटच्या तारखेला गेले, ते तिथल्याच बाकावर... मी धरलं होतं त्यांना."

पोटेनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. बाईनं डोळे टिपले, आणि ते पाणी स्वतःसाठी नव्हतं.

"बाई वाईट आहे असं मी म्हणतच नाही," सरांचा आवाज खाली आला. "वाईट कुणीच नसतं सुरुवातीला. पण माणूस रुळला, की त्याला जागा आपली वाटायला लागते. एकदा तसं वाटलं की संपलं. म्हणून रुळायच्या आत उठवायचं. चूक असो नसो."

"चूक असो नसो..." बाबा म्हणाले.

"हो."

"खरं आहे तुझं."

सरांना हायसं वाटलं. त्यांनी पोटेकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. बाईनं पिशवी उचलली.

"थांब गं," बाबा म्हणाले. मग सरांकडे वळले. "मास्तर, तू मठात कधी आलास?"

"अक्षय्य तृतीयेला. शहरातलं घर रिकामं केलं, त्याच दिवशी या बाईंना किल्ली दिली आणि संध्याकाळी इथं आलो."

"आज तिथी कुठली?"

"फाल्गुन शुद्ध..." सर थबकले. "तृतीया. मधला अधिक महिना धरून..."

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. बाजेचं उशाकडचं टोक त्यांनी धरलं.

"पोटे, पायथा धर."

पोटेला काही कळलं नाही, पण त्यानं धरलं. दोघांनी बाज ओसरीवरून उतरवली, अंगण ओलांडलं आणि फाटकाबाहेर उन्हात नेऊन ठेवली. मग बाबा परत आले. खिडकीजवळच्या कोपऱ्यात गेले. त्या कोपऱ्यात वारा यायचा, म्हणून पहिल्या आठवड्यातच सरांनी तो धरला होता. आता तिथं दुसरं कुणी बसत नसे. भिंतीत सरांनी स्वतः ठोकलेली खुंटी होती, खुंटीला सदरा होता, कोनाड्यात त्यांची पुस्तकं आणि बाबांच्या बोलण्याच्या त्यांनी लिहिलेल्या चार जाडजूड टिपणवह्या होत्या. बाबांनी सगळं एका पंच्यात बांधायला घेतलं.

"बाबा... हे काय करताय?"

"अकरा महिने झाले."

सर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याशिवाय कुणी हसत नाहीये.

"पण पाडव्याला तुम्ही मला दीक्षा देणार आहात! सगळ्यांना सांगितलंय मी. भगवी कफनी शिवून आणलीय."

"शिवली असशील."

"माझं काय चुकलं? ते तरी सांगा!"

"तुझं? काही नाही. एक दिवस काकडा चुकवला नाहीस. अंगणसुद्धा तूच झाडतोस."

"मग?"

बाबांनी भिंतीतली खुंटी उपटली. थोडी माती पडली. खुंटी त्यांनी सरांच्या हातात दिली.

"रुळलास," ते म्हणाले.

सरांचा चेहरा पांढरा पडला. अकरा महिने त्यांनी या माणसाचे पाय चेपले होते. घर सोडलं, पानाची सवय सोडली, आणि बदल्यात एवढंच मागितलं होतं की कुणीतरी आपलं म्हणावं.

पोटेला मात्र हसू आवरेना. "बरी जिरली!" तो पुटपुटला.

"तू कशाला हसतोस?" बाबा म्हणाले. "तुझ्या करदोट्याला काय बांधलंय, दाखव बाईला."

पोटेचं हसू विझलं. त्यानं हात कमरेवर दाबून धरला.

"दाखव."

त्यानं सदरा वर केला. करदोट्याला काळी पडलेली एक किल्ली होती. पेठेतल्या जुन्या खोलीची. भाडं महिना पासष्ट रुपये. चार वर्षं खोली बंद होती, आणि पोटे दर महिन्याला नेमानं मनिऑर्डर करत होता. हक्क जाऊ नये म्हणून.

"तो मालक लबाड आहे, बाबा. सोडली की तो तिथं दुकान काढेल," पोटे चाचरत म्हणाला.

"काढेल ना," बाबा म्हणाले आणि गाठोड्याची गाठ मारली.

गाठोडं त्यांनी स्वतः बाहेर नेलं. सर मागोमाग गेले. करणार काय? उन्हात बाज, बाजेवर गाठोडं आणि हातात खुंटी. दोन बायका पाण्याला चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे दोष माझा, असंच ना?" ते ओरडले. "सरकार राहिलं बाजूला, बाजार राहिला बाजूला आणि दोष माझा!"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"मग मी जाऊ कुठं? या वयात? सांगा ना! माझ्या घरात तर ही बाई..."



लिंबाची पिवळी पानं बाजेवर पडत होती. पोटे फाटकाला टेकून खाली मान घालून उभा होता. किल्ली अजून त्याच्या मुठीत होती. सर बाजेच्या काठावर बसले. आत्ताच ताणलेली बाज जराही लवली नाही.



मग रंजना वाघचौरे पुढं आली. तिनं गाठोडं उचललं आणि आपल्या पिशवीशेजारी ठेवलं. दवाखान्यात पेशंटशी बोलावं तशी ती हळू बोलली.

"सर, उन्हात बसू नका. घरी चला. पोरगी आतल्या खोलीत अभ्यास करते, बाहेरची खोली मोकळीच असते. तुमची सोय होईपर्यंत राहा. मी काही उठा म्हणणार नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत.

बाबा फाटक लावायला वळले होते. कडीवर हात ठेवून ते थांबले.

"बाई," त्यांनी विचारलं, "याच्याकडून भाडं काय घेशील?"