सुकुमारच्या मानेवरचा आकडा

पंचगंगेच्या काठी एका गावात एक भोळा गोलकीपर होता. नाव सुकुमार चौगुले. नाव सुकुमार, पण गोलमध्ये उभा राहिला की अर्धा गोल भरायचा. कॉलेजच्या हॉकी संघात त्याला घेतलं होतं ते त्यासाठीच. बाकी सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि संघाची सगळी अडचण तीच होती.

संघाचे सर होते पिरजादे. सव्वीस वर्षं ते पोरांना खेळवत होते आणि सव्वीस वर्षांत संघ एकदाही पहिल्या आठात आला नव्हता. येत्या मे महिन्यात सर निवृत्त होणार, म्हणजे ही त्यांची शेवटची स्पर्धा. ती भरली होती गावातल्याच मैदानावर. सोळा संघ, चार गट, गटातले पहिले दोन पुढे. "एकदा तुम्हाला पहिल्या आठात बघू दे रे," असं सर रोज म्हणायचे. ते ऐकून सुकुमारला रोज भरून यायचं. सरांवर त्याचा फार जीव होता.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरांनी त्याला कार्यालयात पाठवलं. "आपल्याला कितवं मानांकन मिळालंय ते बघून ये, आणि पोरांना सांग."

मानांकन म्हणजे कुठला संघ किती तगडा धरलाय त्याचा क्रमांक. हे सगळ्यांना माहीत असतं. सुकुमारला नव्हतं. तो बघून आला. आठवं होतं. मग वडिलांच्या अडत दुकानातून त्याने पोत्यांवर नंबर घालायची शाई आणली आणि अकराच्या अकरा मानांवर हा एवढा आठ काढला. पोरांनी विचारलं तर म्हणाला, सरांनी सांगितलंय. सर खुर्चीत डुलकी काढत होते. त्यांच्याही मानेवर काढला.

उद्घाटनाच्या संचलनात लोक मागून हसायला लागले तेव्हा सरांना कळलं.

"हे काय केलंस?"

"मानांकन, सर. मानेवर आकडा. तुमीच म्हणालासा न्हवं?"

शाई पक्की होती. सरांनी मान घासली तर रुमाल काळा झाला, आठ तसाच राहिला. "अरे बाबा, असलं सगळं कागदावर असतं. काही कानावर आलं की आधी कागदावर लिहून घेत जा."

"बरं सर," सुकुमार म्हणाला.

पहिला सामना सुरू झाला. समोरचा गडी बॉल घेऊन सुटला. आपला कप्तान तुषार ओरडला, "डावीकडं बघ, डावीकडं!"

सुकुमारने ग्लोव्ह काढला. पॅडमधून वही काढली. पेन्सिलीला थुंकी लावली आणि लिहिलं, 'डावीकडं'. अक्षर चांगलं होतं. बॉल डावीकडूनच गेला. सामना एक-शून्यने गेला.

"लिहीत काय बसलास?" सर म्हणाले.

"तुमीच सांगितलासा न्हवं, लिवून घे म्हणून?"

सरांनी कपाळाला हात लावला. तिथून तो मानेवर गेला, आणि त्यांना आठ आठवला. "हे बघ. समोरून कोणी चालून आलं की हातातलं सगळं टाकायचं आणि पुढं होऊन अडवायचं. मग तो कोणी का असेना."

"बरं सर."

दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुणे आले. शेजारच्या तालुक्यातले एक चेअरमन होते, गळ्यात हार, मागे चार माणसं. खेळाडूंशी हात मिळवायला ते समोरून चालत आले. सुकुमार पोहे खात होता. त्याने बशी टाकली आणि पॅडसकट आडवा पडला. चेअरमन डावीकडून निघाले, तो डावीकडे सरकला. उजवीकडून निघाले, तो उजवीकडे. चेअरमनना काही पुढे जाता आलं नाही.

सरांनी त्याला पायाला धरून ओढलं. "अरे, ते पाहुणे आहेत. बाहेरगावचा माणूस आपल्या दारात आला की वाकून नमस्कार करायचा. एवढी रीत घरी शिकवली नाही का?"

"बरं सर."

दुसरा सामना कोकणातल्या एका संघाशी. त्यांचा गडी एकटाच बॉल घेऊन थेट गोलपाशी आला. बाहेरगावचा, आणि आलाय दारात. सुकुमारने स्टिक काखेत मारली, हात जोडले आणि कमरेत वाकला. बॉल सणसणत आला, हेल्मेटवर टण्णकन आपटला आणि मैदानाबाहेर गेला. पुढे तुषारने एक गोल केला आणि आपण जिंकलो. सरांना रागवावं का मिठी मारावी तेच कळेना.

"दर वेळी माझाच शब्द धरून बसू नकोस," शेवटी ते म्हणाले. "थोडं आपलं डोकं वापर."

"वापरलं की सर. त्यालाच बॉल लागला."

"आतलं वापर रे. संघाचं भलं कशात आहे ते तुझं तू ठरव आणि करून मोकळा हो. मला विचारायचं नाही."

"बरं सर."

तिसऱ्या सामन्यात बरोबरी झाली तरी पुरत होतं. त्या दिवशी सुकुमार काय खेळला. सात वेळा बॉल आला, सातही वेळा परत गेला. शून्य-शून्य. शेवटचं मिनिट उरलं. गाव श्वास धरून उभं होतं. तेवढ्यात लाऊडस्पीकर बोलला, "सामना असाच सुटला, तर आपला संघ प्रथमच बाद फेरीत!"

पहिल्या आठांच्या फेरीलाच बाद फेरी म्हणतात, कारण तिथे हरेल तो बाद. हेही सगळ्यांना माहीत असतं.

सुकुमार जागच्या जागी गार पडला. बाद? सव्वीस वर्षं राबलेल्या माणसाचा संघ बाद? आणि लोक शिट्ट्या मारतायत. त्याला गावाची लाज वाटली. त्याने सरांकडे बघितलं. सर डोळे पुसत होते. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. विचारायची सोय नव्हती. सुकुमारने आतलं डोकं वापरलं.

समोरच्या गड्याने जाता जाता एक मरतुकडा फटका मारला. बॉल पॅडला लागून पायाशी थांबला. सुकुमारने इकडे तिकडे बघितलं, पाठ फिरवली आणि पायाने अलगद बॉल आपल्याच गोलमध्ये सारला.

शिट्टी झाली. समोरचे एकमेकांच्या अंगावर पडून रडत-हसत नाचू लागले. सुकुमार त्यांच्यात गेला, एकेकाच्या पाठीवरून हात फिरवला. "धीर सोडू नका," म्हणाला. "खेळ हाय, चालायचंच."

मग तो सरांकडे आला. सर मैदानातच बसले होते, तोंड दोन्ही हातांत धरून. सुकुमार शेजारी टेकला.

"रडू नका सर," तो म्हणाला. "वाचलो. मी असताना तुमचा संघ बाद फेरीत जाऊ देतोय व्हय?"