न वितळणाऱ्या मुठी

पाय आत घ्या, पांघरूण ओढा, मग सांगते.

एक होता राजा. समुद्रापलीकडच्या थंड मुलखातला, येशूला मानणारा. त्याच्या शेजारी दुसरा राजा, तोही येशूलाच मानणारा. आणि तरी दोघांची सारखी मारामारी! मोठी माणसं अशीच असतात, बरं का.

लढून लढून दोघे थकले. मग बिशप म्हणाले, "पुरे आता. दोन्हीकडच्या मेलेल्या शिपायांच्या तलवारींना सोन्याच्या मुठी आहेत ना, त्या वितळवा आणि एक क्रूस घडवा. ईस्टरला त्यावर हात ठेवून दोघे शपथ घ्या. क्रूस नाही, तर तह नाही."

पहिल्या राजानं काम दिलं एबाबाईला. ही सोनारीण. लाल खडा बसवायची ना, तर आधी त्याच्याखाली सोन्याचा वर्ख घालायची. वर्खावर सुईनं बारीक जाळी. वरून जाळी दिसायची नाही, पण खडा निखाऱ्यासारखा पेटायचा. ते खडे म्हणे आपल्याच देशातून जहाजानं जायचे.

एबाबाईचा थोरला मुलगा लढाईत कामी आला होता. धाकट्याला नुकतं मिसरूड फुटलेलं. तह झाला नाही तर त्यालाही लढायला जावं लागणार. म्हणून ती जीव तोडून कामाला लागली.

मुठी मुशीत घातल्या. मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं. पहिल्या दिवशी पोतंभर कोळसा लावला. सोनं ढिम्म. दुसऱ्या दिवशी चार गडी भात्यावर बसवले. सोनं ढिम्म. तिसऱ्या दिवशी बिशपांनी स्वतः येऊन प्रार्थना केली. तरी सोनं आपलं ढिम्मच!

एबाबाईनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात दूध घालायला एक म्हातारी आली. मुशीत डोकावली आणि थबकली. "अगं बाई, ही तर माझ्या ओस्रिकची!" तिनं लेकाचं नाव घेतलं मात्र, ती मूठ लोण्यासारखी वितळली.

एबाबाई तडक राजाकडे गेली. "महाराज, ज्यांच्या मुठी आहेत त्यांच्या घरच्या बायकांना बोलवा. पलीकडच्यांनाही."

"शत्रूच्या बायका माझ्या राज्यात?" राजा तडकला.

"त्यांचीही मुलं गेलीत, महाराज. तुम्ही गेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव सांगा बघू."

राजाला एकही सांगता येईना. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, ते असं. त्यानं मान खाली घातली आणि निरोप धाडले.

मग बाया आल्या. अलीकडच्या आल्या, नदी ओलांडून पलीकडच्या आल्या. एकेकीनं आपली मूठ ओळखायची, नाव घ्यायचं, रडायचं. सोनं वितळायचं. मग सगळ्या एकाच चुलीवरची पेज प्यायच्या.

ईस्टरला आठ दिवस उरले आणि एकच मूठ राहिली.

"ही कुणाची?" राजानं विचारलं. एकेकीनं वाकून पाहिलं, कुणाचीच निघेना.

एबाबाईला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती तिनंच घडवली होती. वर साप कोरलेला, जागा पुरली नाही म्हणून शेपूट वाकडं. थोरला किती हसला होता त्याला! तो गेल्यापासून तिनं त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. नाव घेतलं की तो खरंच गेला, असं वाटायचं तिला.

धाकटा हळूच म्हणाला, "आई, घे ना त्याचं नाव."

"लिओफा," ती म्हणाली. "माझा लिओफा." आणि हमसून हमसून रडली. मूठ वितळली.

क्रूस झाला. मधोमध लाल खडा. त्याच्याखालच्या वर्खावर एबाबाईनं वाकड्या शेपटीचा साप कोरला. तो कुणालाच दिसत नाही, पण तोच खडा सगळ्यात जास्त चमकतो. दोन्ही राजांनी शपथ घेतली. धाकट्यानं तलवार कोपऱ्यात टेकवली, ती तिथंच गंजली. सगळे सुखानं राहिले.

झोपा आता. काय म्हणतेस, मी का रडते? अगं, तुमचे आजोबा गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. आमच्यात घेत नसत.

आज घेते.

त्र्यंबक.

हं. मिटा डोळे.