फौजदारांची पहिली किक

मिरजेच्या दस्तगीर पाववाल्याला जुनी मोटारसायकल हवी होती. पहाटे पाचला वाड्यावस्त्यांवर पाव पोचवायचे, म्हणजे गारठलेली गाडीही झटक्यात सुरू व्हायला हवी. निवृत्त फौजदार घोरपडे आपली गाडी विकत होते.

"पहिल्या किकला सुरू होते," मिशीला पीळ देत ते म्हणाले. "नाही झाली, तर अर्ध्या किमतीत घेऊन जा!"

दस्तगीरनं हळूच इंजिनाला बोट लावलं. चटकाच बसला! तो गोड हसून म्हणाला, "किक मारू हो सावकाश. साहेब, तुम्ही दरोडेखोर पकडलेत ती गोष्ट मी अर्धीच ऐकलीय."

फौजदार खुलले. दोनदा चहा झाला, सात दरोडेखोरांचे सतरा झाले, ओसरीवरचं ऊन उतरलं.

"आता मारा किक," दस्तगीर म्हणाला.

एक मारली, दहा मारल्या. फौजदार घामाघूम, गाडी ढिम्म.

"अरे, मघाशी तर लगेच सुरू झाली होती!"

"झाली असणारच, साहेब. पहिली किक तुम्ही मी यायच्या आधीच वापरून टाकलीत."

फौजदारांनी शब्द पाळला, गाडी अर्ध्या किमतीत दिली. दस्तगीरनं प्लग बदलला. आता रोज पहाटे पहिला पाव फौजदारांकडेच जातो. गरम असतो, पण त्या इंजिनाइतका नाही.