एका नावाचे पाच पत्ते

एकदा एका तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक वृद्ध राहत असत. लोक त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्याकडे अक्षरं गिरवलेली मृण्मयी शहरात पदवी घेऊन परतली होती. कुंभारवाड्यातल्या द्वारकामावशीची मातीची भांडी इंटरनेटवरून विकायची, असं तिनं ठरवलं होतं. घरच्यांनी एका वर्षाची मुदत दिली होती; नाही जमलं तर मुकाट्यानं नोकरी.

एके सकाळी ती तरातरा मास्तरांकडे आली.

"मास्तर, नाव ठरलं. मृण्मयी! मातीचं, आणि माझंही. वेबसाइटचा तो पत्ता अजून कुणी घेतलेला नाही. संध्याकाळी पाचशे खोकी छापायला जाणार. तुम्ही फक्त पाटी रंगवा."

मास्तरांनी ब्रश उचलला नाही. एक जुनी दगडी पाटी पुसून त्यांनी तिच्या हातात दिली, वर खडूचा तुकडा. "पाच जणांना हे नाव सांग. एकदाच. आणि इंग्रजीत लिहायला लाव. तोवर मी चहा टाकतो."

या म्हाताऱ्यांना एकही गोष्ट सरळ सांगता येत नाही का? मृण्मयी चरफडली, पण गेली.

औषधवाल्यानं एम आर यू लिहिलं. शाळेच्या बाईंनी एम आर आय, वर शेवटी दोन ई. मोबाइलवाल्यानं मधला एन खाऊन टाकला. झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, आधार कार्डावरचं लिहू की मार्कलिस्टवरचं? तुमच्या नावाच्या प्रतिज्ञापत्रांवर माझं मशीन झिजलंय."

पाचवी द्वारकामावशी. तिला अक्षरओळख नव्हती. "मला कुठलं गं इंग्रजी? नाव तेवढं सांग." ऐकून तिनं दोनदा जीभ वळवून पाहिली. "मुरु... मुरमई? ऱ्हाऊ दे बाई. माझ्याच भांड्यांना मला हाक मारता यायची न्हाई."

मृण्मयीनं पाटी मास्तरांपुढे आपटली. "मग काय, इंग्रजी नाव ठेवू? लोकांना लिहिता येत नाही म्हणून आपली भाषा सोडू?"

"भाषा सोड असं कोण म्हणालं?" मास्तरांनी कप पुढे केला. "पोरी, मी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. पाटीवरचं नाव चुकीचं वाचलं तरी गिऱ्हाईक दुकानात पोचतं. पानवाला बोट दाखवतो, 'ते बघा, समोर.' तुझ्या त्या पत्त्यासमोर पानवाला नाही. एक अक्षर चुकलं की माणूस परक्याच्या दारात. तिथं नाव आधी कानात जातं, मग बोटांतून उतरतं. वाटेत जे सांडणार नाही, असं नाव शोध."

"हे सकाळीच सांगता आलं असतं!"

"तू वाद घातला असतास. पाटीशी वाद घालता येत नाही."

ती मावशीच्या अंगणात जाऊन बसली. माठ? इंग्रजीत लिहिलं तर गणिताचा क्लास. रांजण? कुणा रंजनभाऊंचं दुकान. मटका म्हटल्यावर मावशीच हसली, "पोलीस येतील की!" हसताना तिचा हात मात्र थांबला नव्हता, ती ओल्या फडक्यानं मडक्याला लाल रंग फासत होती.

"काय लावतेस गं?"

"गेरू. दुसरं काय?"

मृण्मयी उठली. गेरूघर! पाटी पुन्हा बाजारभर फिरली. तिघांनी अगदी एकसारखं लिहिलं. बाईंनी तेवढे दोन ओ घातले. ती मास्तरांकडे धावत आली तेव्हा दोन्ही स्पेलिंगांचे पत्ते मोकळे होते.

"नोंद कुणाच्या नावावर?" मास्तरांनी विचारलं.

"चुलतभाऊ करून देतोय. त्याच्या खात्यातून."

"घर तुझं आणि उंबरा त्याचा?"

ती क्षणभर चिडली, कारण ते बरोबर होतं. मग तिथंच बसून तिनं दोन्ही पत्ते स्वतःच्या नावावर घेतले. दोन ओवाला खास बाईंसाठी.

मास्तरांनी रंगवलेली पाटी वाळत असताना मावशी तिथून चालली होती. लाल अक्षरांकडे पाहत तिनं विचारलं, "काय म्हणायचं ठरलं मग?"

"गेरूघर."

"गेरूघर," मावशी पहिल्या फटक्यात म्हणाली, आणि वाटेवरच्या दोघींना तिनं मोठ्यानं बोलावलं, "अगं, हिकडं या. ह्ये आमचं गेरूघर!"

आपण ठेवलेलं नाव आपलं कधी होऊन जातं, हे मृण्मयीला आत्ता ऐकू आलं होतं.